ओंडक्यांची मोक्की स्वतः बांधली: 14 महिन्यांनंतर

दाराच्या चौकटीवर मुद्दाम सोडलेली फट गेल्या वर्षी ऑगस्टात 70 मिलिमीटर होती. काल मोजली तर 33. घर खाली बसतंय, आणि ते बसायलाच हवं. एवढी एक गोष्ट घराचं तयार सुटं किट घेण्याआधी कोणी नीट डोक्यात घातली असती तर माझे दोन वीकेंड आणि बायकोशी झालेलं एक भांडण वाचलं असतं.

आधी वस्तू काय ते सांगतो. फिनलंड, तांपेरेच्या उत्तरेला रुओवेसीच्या बाजूला, गाडीने तासाभरावर. 28 चौरस मीटरची मोक्की, म्हणजे सुट्टीचं घर. एक खोली, वर झोपायचा माळा, कोपऱ्यात सौना, म्हणजे फिनिश वाफेची न्हाणी, पुढे पडवी. ओंडके पाइनचे, रंधा मारलेले, 95 मिलिमीटर जाडीचे, कारखान्यातूनच खाचा पाडून आणि नंबर टाकून आलेले. पालिकेची परवानगी लागली, जबाबदार पर्यवेक्षक नेमावा लागला; ते सगळं नियमाप्रमाणे झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पैशाचं मात्र ऐकून ठेवा: किटची किंमत माझ्या एकूण खर्चाच्या जेमतेम तिसरा हिस्सा निघाली. उरलेले जमिनीत, पत्र्यात, धुराड्यात आणि भाड्याच्या यंत्रांत गेले.

जमिनीने तर घामच काढला. इथे हिवाळ्यात माती गोठून फुगते, तिला रौता म्हणतात. पाया त्यातून सुटला नाही तर दर वसंतात घराचा एक कोपरा उचललेला सापडेल. म्हणून खडी, काँक्रीटचे ठोकळे आणि सभोवती जमिनीखाली थंडी अडवणारे फोमचे जाड तक्ते. मी चार दिवस धरले होते, लागले तीन आठवडे. त्यातले आठ दिवस एकट्या खडकाने खाल्ले. कोकणात विहीर खणताना कातळ लागला की माणसं जी भाषा वापरतात ती मला सगळी आठवली.

त्या नादात ओंडके प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तसेच पडून राहिले. आत घाम सुटला आणि खालच्या गठ्ठ्याला नीळ धरली, निळसर-काळे पट्टे. लाकूड त्याने कमकुवत होत नाही, पण सौनाच्या बाहेरच्या भिंतीवर ते पट्टे मला रोज दिसतात. किट आलं की प्लास्टिक बाजूने फाडा, खाली आडवे वासे घाला, वारा खेळू द्या.

भिंती उभ्या करणं हे या सगळ्या उद्योगातलं खरं सुख. एक ओंडका, त्यावर जवसाच्या धाग्याची पट्टी, त्यावर दुसरा, मोगरीने ठोकून बसवायचा. असे 14 थर. मधे लाकडी खुंट्या. त्यांची भोकं खुंटीपेक्षा खोल पाडायची, नाहीतर वरचा ओंडका खुंटीवरच टेकून राहतो. जुलैत रात्री अकरालाही काम करण्याइतका उजेड असतो. डासही तेवढेच असतात.

आता त्या भांडणाचं. नोव्हेंबरात खिडकीशेजारी पायाला गार वारा लागायला लागला. मी म्हणे पट्टी नीट बसली नसेल, बायको म्हणे तू घाई केलीस. शेवटी तिने उदबत्ती लावली आणि भिंतीवरून हळूहळू फिरवली. सहाव्या आणि सातव्या थराच्या मधे धूर एकदम आत वाकला. टॉर्च मारली तर बोटाचं नख जाईल एवढी फट. रात्री चिपळूणला बाबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलंय. म्हणाले, "अरे, ओलं लाकूड वाळणारच. चौकटीला कुठेतरी बांधून ठेवलंयस तू. मोकळं सोड."

तसंच निघालं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे दांडे असतात, ते ओंडक्यांच्या टोकांतल्या खाचेत नुसते सरकते राहायला हवेत. मी मजबुतीच्या हौसेने त्यांना चार स्क्रू मारले होते. वरचे थर त्या स्क्रूंवर लटकत होते आणि खालचे आपले बसत गेले. चौथा स्क्रू काढला तसा भिंतीतून ठक्क असा आवाज आला, आणि उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.

हाच न्याय सगळीकडे लागतो. लाकूड आडवं आकसतं, उभं जवळजवळ नाही. म्हणून भिंत खाली येते, पण पडवीचे खांब आहेत तेवढेच राहतात. त्यांच्या तळाशी स्क्रू-जॅक असतो, तो सोडत जायचा. माझ्या जॅकचा एक फेरा म्हणजे 3 मिलिमीटर. आतापर्यंत 14 फेरे झाले. छताचं आढं बाजूच्या भिंतींपेक्षा जास्त उतरतं, म्हणून वासे भिंतीवर सरकत्या पट्ट्यांत बसवायचे. धुराडं तर हलतच नाही, त्याच्याभोवतीचं छप्पर खाली येतं. किटच्या माहितीपत्रकात हे सगळं आहे, पण पान 61 वर, आणि भाषांतर असं की पत्रक घेऊन मी शेजारच्या आजोबांकडे गेलो. ते वाचून हसले आणि स्वतःच पाना घेऊन आले.

हिवाळ्यातलं राहणं: जानेवारीत बाहेर उणे 18, आत उणे 12. शेगडी पेटवून खोली 15 अंशांवर यायला सात तास लागले, कारण आधी ओंडके तापतात, मग हवा. तोवर आम्ही सौनात. माळ्यावर मात्र उकडतं. वीज फक्त सोलरची. उन्हाळ्यात भरपूर, डिसेंबरात दिवेही जपून. संडास कोरडा, बाहेर; पाण्याऐवजी वरून पीट, म्हणजे दलदलीतली वाळलेली भुसभुशीत माती, टाकायची. फिनलंडात शहरातल्या घरोघरी कमोडजवळ हँड शॉवर असतो, इथे नाही. पाहुण्यांना आधीच सांगतो.

जूनमध्ये बाबा आले. ओळंबा लावून चारही कोपरे तपासले, सौनाचा कोपरा दोन सूत बाहेर आहे म्हणाले, आणि जेवायला बसले. बाहेरचं तेल पहिल्याच उन्हाळ्यात लावायचं राहिलं होतं, त्यामुळे दक्षिणेची भिंत राखाडी पडली. ती त्यांनीच घासली. ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांना दोन हात जास्त द्यायला लावले, पाणी तिथूनच शिरतं म्हणून.

किट परत घेईन का? घेईन, पण ओंडका 134 मिलिमीटरचा, आणि खड्डा खणल्यावरच ऑर्डर देईन. या शनिवारी तळ्यातला पंप वर काढायचाय, आणि डाव्या खांबाला अर्धा फेरा.