कर्ज फेडणाऱ्या घरासाठी लिब्रेऑफिस कॅल्क: कुठे कामाला येतं, कुठे अडतं

घरखर्चाची बहुतेक ॲप्स झालेला खर्च रंगीत चकतीत दाखवतात. डोक्यावर कर्ज असलेल्या घराला त्याचा उपयोग बेताचाच. त्या घराला पुढचं कळायला हवं असतं. हप्ते भरून हातात किती राहणार, मधेच पाण्याचा पंप जळाला तर कुठल्या पैशातून दुरुस्त करायचा, आणि तो खर्च क्रेडिट कार्डावर टाकला तर कर्ज किती महिने लांबणार? हे तिन्ही प्रश्न एकाच फाइलमध्ये सोडवता येतात म्हणून लिब्रेऑफिस कॅल्क या रकाने-ओळींच्या तक्त्यात हिशेब करायच्या प्रोग्रामची शिफारस मी मोकळेपणाने करतो. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि पूर्ण फुकट आहे. खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट लागत नाही, जाहिराती नाहीत. जुन्या, मंद संगणकावरही घरच्या हिशेबाएवढी फाइल सुरळीत उघडते. काटकसर चालू असताना दरमहा वर्गणी मागणारं हिशेबाचं ॲप घेण्यात अर्थ नाही.

मात्र कॅल्क उघडल्यावर समोर रिकामे रकाने असतात. तयार काहीच मिळत नाही आणि चुकीचं सूत्र लिहिलं तर ते निमूटपणे चुकीचं उत्तर देतं. म्हणून तक्ता कसा मांडायचा हे आधी पाहू.

पहिलं पान कर्जांचं. प्रत्येक कर्जाला एक ओळ: कुणाकडून, आजची बाकी, वार्षिक दर, हप्ता, हप्त्याची तारीख, उरलेले महिने. नातेवाइकांकडून घेतलेली बिनव्याजी उसनवारीही इथेच लिहायची, दर शून्य. ती यादीबाहेर ठेवली की विसरली जाते आणि नेमकी सर्वांत अडचणीच्या महिन्यात परत मागितली जाते.

हप्ता पडताळायला पीएमटी (PMT) हे फंक्शन, म्हणजे तयार सूत्र, आहे. त्याला क्रमाने दर, हप्त्यांची संख्या आणि मुद्दल द्यायची. इथे तीन चुका हमखास होतात. एक, वार्षिक दर तसाच दिला जातो. मासिक हप्त्यासाठी त्याला १२ ने भागायला हवं. दोन, साध्या रकान्यात १२ टक्क्यांऐवजी नुसतं १२ लिहिलं जातं आणि कॅल्क ते १२०० टक्के समजतं. तीन, उत्तर उणे येतं म्हणून लोक सूत्र बिघडलं असं धरून चालतात. ते बिघडलेलं नसतं. मिळालेली रक्कम अधिक आणि भरायची रक्कम उणे, असा या फंक्शनचा रिवाज आहे. मुद्दलाच्या आधी उणे चिन्ह टाका, उत्तर अधिक येईल. पडताळणीसाठी हा आकडा घ्या: १,००,००० मुद्दल, १२ टक्के घटत्या शिलकीवर (म्हणजे व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर), ३६ महिने. हप्ता ३,३२१.४३ यायला हवा आणि एकूण व्याज साधारण १९,५७२.

आता कॅल्कचं खरं मोल दाखवणारा भाग. ‘सपाट दर फक्त १० टक्के’ असं सांगून दिलेलं कर्ज वरच्या १२ टक्क्यांपेक्षा स्वस्त वाटतं. सपाट दरात व्याज मूळ रकमेवर पूर्ण मुदतभर लागतं, मुद्दल कितीही फिटलेली असो. १,००,००० वर तीन वर्षांचं व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११.११. रेट (RATE) या फंक्शनला ३६, उणे ३,६११.११ आणि १,००,००० द्या आणि उत्तराला १२ ने गुणा. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळपास १७.९ टक्के निघतो. सही करण्याआधी दोन मिनिटांत कळणारी ही गोष्ट आहे. प्रक्रिया शुल्क कर्जातून कापून घेणार असतील तर मुद्दलाच्या जागी हातात पडणारी रक्कम लिहा. दर आणखी वर चढलेला दिसेल.

क्रेडिट कार्डाची बाकी पीएमटीने मोजता येत नाही, कारण किमान रक्कम बाकीबरोबर बदलत जाते. तिथे महिन्यागणिक ओळी करा. समजा महिन्याला ३ टक्के व्याज आहे आणि किमान भरणा बाकीच्या ५ टक्के. बाकी दर महिन्याला १.०३ गुणिले ०.९५, म्हणजे ०.९७८५ पट होते. नवी खरेदी अजिबात केली नाही तरी बाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. हा तक्ता कुटुंबातल्या प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी पाहावा. ‘किमान रक्कम तर भरतोय’ या समाधानातून बाहेर काढायला दुसरं काही लागत नाही.

साध्या कर्जासाठीही महिन्यागणिक तक्ता करावाच, कारण दर बदलला किंवा मधे जादा रक्कम भरली की एकाच सूत्राने भागत नाही. रकाने पाच: आरंभीची बाकी, व्याज, भरणा, शुल्क किंवा दंड, अखेरची बाकी. व्याजाला राउंड (ROUND) लावून दोन दशांशांवर आणा, नाहीतर शेवटच्या ओळीत ०.०१ ची शेपटी लोंबत राहते. भरण्याच्या रकान्यात मिन (MIN) वापरा: ठरलेला हप्ता किंवा बाकी अधिक व्याज, यांतलं जे लहान असेल ते. त्यामुळे शेवटचा हप्ता आपोआप छोटा होतो आणि बाकी उणेत जात नाही. दर एकाच चौकटीत (सेलमध्ये) ठेवला असेल तर सूत्रात त्याच्या पत्त्यावर एफ४ दाबून डॉलरची चिन्हं आणा. ती नसतील तर सूत्र खाली ओढताना पत्ताही खाली सरकतो आणि दुसऱ्या महिन्यापासून व्याज शून्य दिसतं. तारखांसाठी ईडेट (EDATE) आहे, ते तारखेत महिने मिळवतं. पण आधीच्या ओळीत एक महिना मिळवू नका. ३१ तारखेपासून सुरुवात केली तर फेब्रुवारीत ती २८ वर येते आणि पुढे २८ लाच अडकते. मूळ तारखेत एक, दोन, तीन असे महिने मिळवत गेलं की ही भानगड होत नाही.

जादा भरण्याचा परिणाम इथेच दिसतो. वरच्या १२ टक्क्यांच्या कर्जात दरमहा ५०० जादा भरले तर ३६ ऐवजी ३१ हप्त्यांत कर्ज संपतं आणि व्याज सुमारे ३,०५० ने कमी होतं. २४ महिन्यांतच मोकळं व्हायचं असेल तर पीएमटीमध्ये ३६ च्या जागी २४ लिहा: हप्ता ४,७०७.३५, म्हणजे दरमहा जवळजवळ १,३८६ जादा. टूल्स मेनूतलं गोल सीक, म्हणजे हवं ते उत्तर सांगून त्यासाठी लागणारा आकडा शोधून घ्यायची सोय, यासाठी वापरायचा मोह होतो. पण तक्त्यात मिन असेल तर ते इथे फसतं, कारण एका मर्यादेनंतर बाकी शून्यावरच थांबते आणि गोल सीकला नेमका आकडा सापडत नाही. जादा भरण्याआधी करारातली मुदतपूर्व फेडीच्या शुल्काची अट वाचा आणि ते शुल्क त्या महिन्याच्या ओळीत मांडा.

कोणतं कर्ज आधी? आकड्यांच्या हिशेबाने ज्याचा दर जास्त ते. माझ्या मते एकच अपवाद रास्त आहे: छोट्या बाकीचं एखादं कर्ज दोन-तीन महिन्यांत संपून त्याचा हप्ता मोकळा होत असेल आणि घरात दर महिन्याला तोंडमिळवणीची ओढाताण असेल, तर ते आधी संपवा. त्यात थोडं व्याज जास्त जातं, पण अडीअडचणीला हात मोकळा राहतो.

दुसरं पान माझ्या दृष्टीने पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि बहुतेकांच्या हिशेबात ते नसतंच. कर्ज फिटता फिटता पुन्हा का वाढतं? बऱ्याच घरांत कारण रोजची उधळपट्टी नसते. धुलाई यंत्र बंद पडतं, छत गळतं, वाहनाचे टायर गुळगुळीत होतात, विम्याचा वार्षिक हप्ता येतो, आणि सगळा पैसा जादा हप्त्यात गेलेला असल्याने हा खर्च पुन्हा कार्डावर चढतो. यांतले निम्मे खर्च ‘अचानक’ नसतातच. ते दरमहा येत नाहीत एवढंच.

या पानावर अशा प्रत्येक खर्चाला एक ओळ द्या: काय, अंदाजे रक्कम, आतापर्यंत बाजूला काढलेले, किती महिन्यांत लागणार. रक्कम वजा साठलेले, भागिले महिने. हा त्या वस्तूचा महिन्याचा वाटा. २४,००० चं एखादं यंत्र साधारण दहा वर्षं टिकेल असं धरलं आणि सात झाली असतील, तर उरलेल्या ३६ महिन्यांसाठी वाटा ६६७ येतो. सगळ्या ओळींची बेरीज पहिल्यांदा करताना छातीत धस्स होतं. एवढे पैसे निघणार नसतात. तेव्हा सगळीकडे थोडं थोडं टाकू नका. ज्यांची तारीख ठरलेली आहे, म्हणजे विमा, कर, फी, ते पूर्ण भरा आणि उरलेलं ज्याच्यावाचून घर अडेल त्या वस्तूला द्या. शोभेच्या वस्तूंची ओळच नको.

जादा हप्ते सुरू करण्याआधी या गंगाजळीत किती असावं? मागच्या बारा महिन्यांची खात्याची विवरणपत्रं काढा आणि दरमहा न येणारा प्रत्येक खर्च वेगळा लिहा. त्यातला सर्वांत मोठा एक खर्च जेवढा, तेवढी रक्कम आधी साठू द्या. तोवर कर्जांचे ठरलेले हप्ते वेळेवर आणि कार्डाचं किमान देणं, एवढंच. ३६ टक्क्यांच्या कार्डाची बाकी तशीच ठेवून पैसे साठवणं आकड्यांना पटत नाही, हे खरं आहे. पण हातात शून्य असताना पंप जळला तर तो खर्च त्याच कार्डावर जातो, आणि कार्डाची मर्यादा संपली असेल तर त्याहून महाग उधारीवर.

दुरुस्ती की नवी वस्तू, हाही निर्णय याच पानावर घ्या. दुरुस्ती ३,००० आणि त्यानंतर यंत्र आणखी १८ महिने चालेल असा कारागिराचा अंदाज असेल, तर महिन्याला १६७ पडतात. नवं २४,००० चं, १२० महिने: २००. दुरुस्ती स्वस्त. नवं यंत्र हप्त्यावर घेणार असाल तर त्याचं व्याज २४,००० त मिळवून मगच भागा. नव्याने वीज वाचणार असेल तर दरमहाची ती बचत २०० मधून वजा करा. आणि कारागीर ‘सांगता येत नाही’ म्हणाला तर १८ ऐवजी ६ महिने धरून पुन्हा भागा: ५०० येतात, आणि उत्तर उलटतं.

रोजच्या खर्चाचं तिसरं पान साधंच ठेवा. तारीख, रक्कम, सदर, कुठून भरले. सदरं दहापेक्षा जास्त नकोत. डेटा मेनूतल्या व्हॅलिडिटीमधून सदरांची यादी लावली की टंकण्यातल्या चुकांमुळे एकाच सदराची तीन सदरं होत नाहीत. सदरवार बेरजेला समइफ्स (SUMIFS) पुरतं.

बँकेकडून मिळणारी व्यवहारांची सीएसव्ही (CSV) फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकूर-फाइल, उघडताना एक खोच आहे. तारखा आणि रकमा कधी कधी मजकूर म्हणून येतात, दिसायला बरोबर दिसतात, पण सम त्यांना मोजतच नाही. आयात करतानाच्या खिडकीत तारखेच्या रकान्यावर टिचकी मारून दिवस-महिना-वर्ष हा प्रकार निवडा. मग कंट्रोल आणि एफ८ दाबा: खरे आकडे निळे, मजकूर काळा, सूत्रं हिरवी दिसतात. रकमेच्या रकान्यात काळं काही दिसलं तर बेरजेवर विश्वास ठेवू नका.

उणिवांमध्ये सर्वांत मोठी म्हणजे मोबाइल. दुकानातून बाहेर पडतानाच फोनवर खर्च नोंदवायची सवय असेल तर कॅल्क सोयीचं नाही. खिशातली छोटी वही आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, ही जोडी बरी चालते. हप्त्याच्या तारखांची आठवणही ते करून देत नाही, ती फोनच्या कॅलेंडरमध्ये लावा. व्याजाचा आकडा कर्जदात्याच्या विवरणपत्राशी पैशापैशाने जुळेलच असं नाही, कारण कित्येक ठिकाणी व्याज दिवसावर मोजतात. दर महिन्याला विवरणपत्रातली बाकी खरी मानून फरक शुल्काच्या रकान्यात टाका. फरक थोडाथोडका नसून एकदम मोठा आला तर दंड किंवा न मागितलेला विमा लागला आहे का ते पाहा, आणि लेखी विचारा.

फाइल जपणंही आपल्याकडेच. पर्यायांमध्ये लोड/सेव्ह विभागात राखीव प्रत ठेवायची खूण करा आणि आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. सेव्ह ॲजमध्ये पासवर्ड लावता येतो, पण तो विसरलात तर फाइल परत मिळवून देणारं कुणी नाही.

घरात संगणक न हाताळणारं माणूस असेल तर कर्जांची बाकी आणि या महिन्याचे वाटे एवढाच भाग निवडा, फॉरमॅटमधल्या प्रिंट रेंजेसमध्ये तो ठरवून द्या, पान आडवं करा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला छापून कपाटाच्या दाराला आतून लावा.