स्मृती-चिकित्सालयातील तीन भेटी: काय मिळाले आणि काय राहून गेले

माझे वडील, आमचे नाना, यांचे वय 74 आहे. त्यांनी एसटीत 31 वर्षे वाहक म्हणून नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे सातारा–स्वारगेट मार्गावर काढली. दीड वर्षापूर्वीच्या श्रावणात त्यांनी विजेचे बिल एकाच आठवड्यात दोनदा भरले, आणि त्यानंतर तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणे सुरू झाले. जवळच्या एका डॉक्टरांनी ‘वयोमानाने असे व्हायचेच’ म्हणून स्मरणशक्तीचे टॉनिक लिहून दिले आणि आमचे आठ महिने त्यात गेले. अखेर आम्ही पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या मेमरी क्लिनिकमध्ये गेलो. त्या तीन भेटींचा हा अभिप्राय आहे. क्लिनिकचे नाव मुद्दाम देत नाही, कारण कोणत्याही शहरातील अशा सेवेकडून रुग्णाच्या घरच्यांनी काय मागावे, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

पहिल्या भेटीतली चाचणी 30 गुणांची होती. ‘काका, शंभरातून सात वजा करा, आणि उत्तरातून पुन्हा सात,’ असे डॉक्टरांनी सांगताच नानांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट हे आकडे सुट्टे पैसे मोजून द्यावेत तसे भराभर सांगितले. उमेद वाटून मी आईकडे पाहिले. परंतु त्याआधी सांगितलेले तीन शब्द, आंबा, खुर्ची आणि रुपया, पाच मिनिटांनी विचारले तेव्हा त्यांना एकही आठवेना. ‘त्यात एक फळ होते, काका,’ असे सुचवूनही आठवेना. उलट ‘तुम्ही मला कुठलेच शब्द सांगितले नाहीत, मॅडम,’ असे ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. तारीख आणि वारही चुकले. एकूण गुण आले 25. सर्वसाधारणपणे 24 किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे ठीक, असे धरले जाते, त्यामुळे नुसत्या बेरजेवर निकाल दिला असता तर आम्ही पुन्हा टॉनिक घेऊनच परतलो असतो. येथे मात्र कोणते गुण गेले, हे पाहिले गेले. लक्ष नसल्यामुळे किंवा नैराश्यामुळे शब्द निसटलेला असतो तेव्हा बहुधा सूचना दिल्यावर तो आठवतो. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट मुळात साठवलीच जात नाही, म्हणून सूचनेचाही उपयोग होत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरलेला हिशेब मात्र बराच काळ शाबूत राहू शकतो. हे डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावले, आणि त्यानंतर आईला वेगळ्या खोलीत बसवून चाळीस मिनिटे तिचे ऐकून घेतले. नवऱ्यासमोर त्याच्या चुका सांगणे तिला कधीच जमले नसते.

निदानापूर्वी थायरॉइड, ब जीवनसत्त्व 12 आणि साखर यांच्या रक्ततपासण्या झाल्या, कारण यांतील बिघाडानेही विस्मरण होते आणि तो उपचाराने सुधारू शकतो. एमआरआयमध्ये पक्षाघाताच्या लहान झटक्यांच्या खुणा फारशा नव्हत्या, पण नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग वयाच्या मानाने आक्रसलेला दिसला. या आजारात मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन दाखवणारे पेट स्कॅन करावे का, असे मी विचारले, तेव्हा त्याने उपचार बदलणार नाहीत म्हणून खर्च करू नका, असे स्पष्ट उत्तर मिळाले. या एका उत्तरामुळे माझा या सेवेवर विश्वास बसला.

निदान अल्झायमरचे झाले. त्याच्या कारणांविषयी डॉक्टरांनी अर्धा तास दिला. 1906 साली अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या बाईंच्या मेंदूत ज्या दोन गोष्टी पाहिल्या, त्यांभोवतीच आजचे संशोधनही फिरते: पेशींच्या बाहेर साचणारी अमायलॉइड प्रथिनाची पुटे, आणि पेशींच्या आत होणारा टाऊ प्रथिनाचा गुंता. लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच ही साठवण सुरू झालेली असते. नानांच्या बाबतीत याचा अर्थ असा, की ते नोकरीत असतानाच हा आजार मेंदूत शिरलेला असावा. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मला आणि माझ्या भावाला हे होणार का, या प्रश्नालाही त्यांनी बगल दिली नाही. थेट वारशाने, कमी वयात येणारा प्रकार फार थोड्या कुटुंबांत आढळतो. एपीओई-4 या जनुकाने धोका वाढतो, परंतु ते असणाऱ्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही आणि नसणाऱ्यालाही तो होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले.

मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट कानांची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 कारणांत ऐकू कमी येणे आणि वाईट कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वात मोठा धरला आहे, आणि ही चौदाही कारणे दूर करता आली तर जगभरातील सुमारे 45 टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडू शकेल, असा अंदाज आहे. नानांनी आयुष्य इंजिनाच्या घरघरीत काढले, तरी त्यांचे कान तपासावेत असे आम्हाला कधी सुचले नव्हते. क्लिनिकने त्याच दिवशी तपासणी करवली. आता दोन्ही कानांत यंत्र आहे. विस्मरण त्याने गेले नाही. पण ते पुन्हा गप्पांत बसू लागले आहेत.

औषध सुरू झाले ते डोनेपेझिल. मेंदूत निरोप पोहोचवणारे अॅसिटिलकोलीन हे रसायन त्यामुळे अधिक काळ टिकते. मूळ आजार मात्र थांबत नाही. नाडी मंदावू शकते म्हणून आधी ईसीजी काढला, 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात केली आणि सहा आठवड्यांनी मात्रा 10 केली. रात्री भयंकर स्वप्ने पडू लागली, तेव्हा गोळी सकाळी द्यायला सांगितली आणि तो त्रास मिटला. लेकॅनेमॅबविषयी मी स्वतःहून विचारले. दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिले जाणारे हे औषध अमायलॉइड काढून टाकते. मोठ्या चाचणीत 18 महिन्यांत रुग्णांची घसरण सुमारे 27 टक्क्यांनी मंदावली, पण 18 गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. शिवाय मेंदूत सूज आणि रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि नाना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ‘त्यांच्यासाठी मी हे सुचवणार नाही,’ असे डॉक्टर म्हणाल्या.

आता तक्रारी. पहिली वेळ मिळायला सहा आठवडे लागले. अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता, आणि रोज औषध देणारी माझी आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिच्यासाठी एक पान मराठीत लिहून द्यायला कोणीच तयार नव्हते, शेवटी मीच ते लिहिले. काळजी घेणाऱ्यांचे मार्गदर्शन फक्त मंगळवारी असते आणि साताऱ्याहून येणाऱ्यांना त्यासाठी वेगळी खेप करावी लागते. संध्याकाळी नाना ‘ड्यूटीला निघतो’ म्हणून चपला घालतात, तेव्हा अडवायचे की चार पावले बरोबर चालून परत आणायचे, हे आईला त्या मंगळवारच्या बैठकीतच कळले. तिने ते पहिल्याच दिवशी ऐकायला हवे होते. गोळीइतकाच हा उपचाराचा भाग आहे, आणि माझ्या मते सेवेतील सर्वात मोठी उणीव हीच आहे.

या उणिवा धरूनही माझ्या नात्यातल्या कुणालाही मी तेथे पाठवीन. जाताना रुग्णाचा चष्मा, कानाचे यंत्र असल्यास ते, चालू औषधांच्या पट्ट्या आणि घरातल्या माणसाने ठेवलेली वही न्यावी. आईच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘बिल पुन्हा भरले’ एवढीच ओळ आहे, खाली तारीख. डॉक्टर सर्वात जास्त वेळ त्याच पानावर थांबल्या होत्या.