डेरासा क्लॅम: हिवाळा, उन्हाळा सांभाळल्यानंतरचा अनुभव

डेरासा म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायचा जायंट क्लॅम, मोठा शिंपला. क्लॅमला पाच तारे, विकणाऱ्या दुकानाला एक. परवा त्याच दुकानात पाय फाटलेला एक मॅक्सिमा (जायंट क्लॅमचीच दुसरी जात) आ वासून पडलेला पाहिला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) आधीपासून मुरलेला होता, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे प्राथमिक गोष्टींत शिरत नाही. मॅक्सिमा आणि क्रोशिया या जाती दिसायला निळेशार, पण त्यांना प्रकाश जास्त लागतो, म्हणजे दिवाही महागडा. डेरासाचं त्या मानाने कमी प्रकाशात भागतं. शिवाय 1980 च्या दशकापासून पलाऊमध्ये त्याची पैदास होते, त्यामुळे समुद्रातून उचललेला नको असेल तर शेतीतला मिळतो. किंमत परवडली, घेतला.

आता मुख्य मुद्दा. क्लॅमच्या बिजागरीजवळ, खालच्या अंगाला एक फट असते. तिथून पाय आणि बिससचे चिवट धागे बाहेर येतात. त्यांच्या जोरावर तो दगडाला धरून बसतो. नुसते धागे तुटले तर तो नवे काढतो. पण ओढाताणीत ते ज्या ग्रंथीतून येतात तीच उपटली गेली, तर जीवावर बेततं. तेही लगेच नाही, काही दिवसांनी, म्हणजे दुकानाची हमी संपल्यावर! माझा डेरासा प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेला होता आणि तिथल्या माणसाने तो सरळ ओढायला घेतला. मी थांबवलं, ब्लेडने जाळीच्या अगदी लगत धागे कापायला लावले. त्यावर वर मलाच ऐकवलं की एवढं काय त्यात. पैसे मोजून हे का ऐकून घ्यायचं? रंग नंतर बघा, आधी ती फट बघा. आणि त्याच्यावर हात धरा: मँटलच्या, म्हणजे कवचाबाहेर पसरणाऱ्या रंगीत मांसल पडद्याच्या, कडेला बारीक डोळे असतात, सावली पडताच तो झटकन आत ओढला गेला पाहिजे.

घरी आणल्यावर पिशवी तरंगवून तापमान जुळवलं, मग नळीने थेंब थेंब टँकचं पाणी सोडलं. क्लॅम वाळूवरच्या एका चपट्या दगडावर ठेवला, प्रवाहाच्या थेट माऱ्यापासून दूर. बरेच जण आधी तळाशी ठेवून मग थोडा थोडा वर सरकवत नेतात. मला ते पटत नाही. प्रत्येक वेळी त्याला पकड सोडून नव्याने धागे काढावे लागतात. त्याला जागचं हलवू नका, दिवा कमीजास्त करा. मी एलईडी 40 टक्क्यांवर आणून महिनाभर हळूहळू चढवत नेला. पहिले काही दिवस मँटल आखडलेला होता, मग कवचाबाहेर लोंबेपर्यंत पसरला.

बाटलीतल्या फायटोप्लँक्टनबद्दल (क्लॅमला खाऊ म्हणून घालायचं सूक्ष्म शैवाल) सुरुवातीला लिहिलं असतं तर चार तारे दिले असते. आता मत बदललंय. मँटलमधलं शैवाल प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतं, आणि माशांमुळे पाण्यात येणारा अमोनिया, नायट्रेटही तो शोषून घेतो. बाटली संपली, नवी आणली नाही, वाढ तशीच चालू आहे. माझा तळहाताएवढा होता. अगदी लहान पिल्लासाठी मी हे सांगणार नाही.

वाढ कशावरून कळते? कवचाच्या काठावर पांढरीशुभ्र नवी कड दिसते. ती दिसू लागली आणि अल्कलिनिटी (कवच बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचं पाण्यातलं प्रमाण) 8.5 वरून 7.2 वर उतरली. महागडे टू-पार्ट (कॅल्शियम आणि अल्कलिनिटी वाढवणारी दोन बाटल्यांतली द्रावणं) आणण्याऐवजी चुन्याची निवळी सुरू केली: आरओ पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, खाली बसू द्यायचं, वरचं नितळ पाणी रात्री थेंबाथेंबाने सोडायचं. रात्री पीएच उतरतो, तोही त्याने सावरतो. डबाभर पावडर अजून अर्धीही संपलेली नाही.

भारतातल्या मंडळींनी मात्र हा नाद करू नये. लक्षद्वीपचे जायंट क्लॅम 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. इथे अमेरिकेतही आयात साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदांवर होते. क्लॅम कुठून आला हे दुकानाला विचाराच.

नवा क्लॅम आणल्यावर काही आठवडे रात्री टॉर्च मारून कवचाच्या कडेला आणि त्या फटीपाशी तांदळाएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसतात का बघा. त्या क्लॅमचा रस शोषतात. दिसल्या तर मऊ टूथब्रशने घासून काढा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासा, कारण अंडी कवचावरच राहिलेली असतात.