बाळाचं कार्ड, कुत्र्याचं पुस्तक: लस पालिकेत की खासगीत?

लसीच्या बाबतीत मुंबईतला कायदा जरा उफराटाच आहे. घरात कुत्रा पाळला की पालिकेचा परवाना काढावा लागतो आणि रेबीजची लस टोचल्याचा दाखला जोडल्याशिवाय तो मिळत नाही. बाळाला मात्र नेहमीच्या तक्त्यातली एकही लस दिली नाही म्हणून आई-बापांवर खटला भरता येईल, अशी सक्ती नाही. देवीच्या लसीसाठी पूर्वी सक्तीचा कायदा होता. पुढच्या लसी समजावून-सांगूनच दिल्या गेल्या. कोविडच्या वेळी जेकब पुलियेल खटल्यात 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, पण सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतील.

त्यामुळे ‘सूट कशी मिळवायची’ हा अमेरिकेतला प्रश्न आपल्याकडे फारसा उद्भवत नाही. शाळा प्रवेशाच्या वेळी लसीच्या कार्डाची झेरॉक्स मागते, तेवढी द्यावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लसीची अट नाही. खरी सूट वैद्यकीय. प्रतिकारशक्ती जन्मतःच फार कमी असलेल्या मुलाला बीसीजी (क्षयाची), तोंडावाटे पोलिओ, रोटा (जुलाबाची), एमआर (गोवर-रुबेलाची) या जिवंत लसी देत नाहीत. आधीच्या डोसला जीवघेणी अॅलर्जी आली असेल तर ती लस पुन्हा देत नाहीत. असं असेल तर डॉक्टरांकडून कोणती लस आणि का टाळली, ते लेटरहेडवर लिहून घ्यावं. सर्दी, साधा ताप, पातळ शी ही कारणं त्यात बसत नाहीत. खंड पडला तरी कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेले डोस पुढे घ्यायचे.

आता मुद्द्याचं. सोय पाहिली तर खासगी दवाखाना सरस, हे मान्य करून टाकू. साडेतीन महिन्यांच्या बाळाला पालिकेत तीन सुया बसतात: एका मांडीत पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), दुसरीत न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), दंडावर कातडीत इंजेक्शनचा पोलिओ. शिवाय पोलिओ आणि रोटाचे थेंब. खासगीत सहा रोगांची एकच सुई घेतली की न्यूमोकोकल धरून दोनावर भागतं. पालिकेच्या पेंटात डांग्या खोकल्याचा पूर्ण जंतू मारून घातलेला असतो, म्हणून त्या रात्री अंग तापतं आणि मांडी सुजते. खासगीतल्या ‘पेनलेस’मध्ये जंतूचे निवडक भाग असतात, तिथे रात्र बरी जाते. संरक्षणाच्या बाबतीत मात्र जुनी पद्धत कमी नाही. डांग्या खोकल्याविरुद्ध ती जास्त टिकते, असंच आजवर दिसलं आहे.

पालिकेचा जाच वेगळा. बीसीजी आणि एमआरची कुपी बहुडोसी असते, पाणी घालून कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. म्हणून या दोन लसींचा वार ठरलेला असतो. एखादंच पोर असेल तर कुपी फोडायला सिस्टर कां-कूं करतात. साडेबाराला पोचलात तर ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकायची तयारी ठेवा. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला आधी वार विचारावा आणि दहाच्या आत रांगेत उभं राहावं.

एवढं असूनही माझा कल पालिकेकडे आहे, आणि त्याचं कारण कागद. खासगी फाइलमध्ये बहुतेक वेळा ब्रँडचा स्टिकर, खाली तारीख आणि एक गिचमिड सही असते. त्या ब्रँडमध्ये काय काय होतं, हे पाच वर्षांनी कोण सांगणार? दोन पावसाळ्यांत स्टिकर सुटतो, डॉक्टर दुकान हलवतात. पालिकेच्या माता-बाल कार्डावर प्रत्येक लसीचा वेगळा रकाना असतो, वर यू-विन या सरकारी लस-नोंदणी पोर्टलवर नोंद झाली की क्यूआर असलेला दाखला मोबाइलवर. कार्ड हरवलं तरी नोंद राहते.

पण एक फट आहे, आणि ती बुजवायला खासगीतच जावं लागतं. सरकारी तक्त्यात एमआर आहे, एमएमआर नाही, म्हणजे गालगुंडाची लसच नाही. पुढे मूल शिकायला किंवा कुटुंब नोकरीसाठी अमेरिकेत गेलं की तिथली शाळा एमएमआर मागते, आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरतच नाही. म्हणजे खासगीत नवव्या महिन्यात घेतलेली एमएमआरही तिथे वाया. (कॅलिफोर्नियात 2016 पासून फक्त वैद्यकीय सूट चालते, न्यू जर्सीत धार्मिकही चालते.) म्हणून हिशोब असा: नऊ महिन्यांची एमआर पालिकेत, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान एमएमआर खासगीत. टायफॉइड, कांजिण्या, कावीळ अ खिशाप्रमाणे. खासगी डोसची नोंद मात्र त्याच कार्डावर, लसीचं नाव, बॅच आणि सही-शिक्क्यासह घ्यायची. गोवंडीत 2022 साली गोवराची साथ आली होती, त्यामुळे नवव्या महिन्याची एमआर ‘नंतर एमएमआर देऊच’ म्हणून टाळू नये.

कुत्र्याच्या बाबतीत उलटं. परळचं बैलघोडा हे जनावरांचं हॉस्पिटल स्वस्त आणि अनुभवी, पण गर्दीत दोन तास पिल्लू मांडीवर धरून बसायचं आणि शेजारी कुणाचा पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या, संसर्गजन्य जुलाबाचा) कुत्रा असायचा. लसी पुऱ्या न झालेल्या पिल्लासाठी मला हे पटत नाही; घरी येणारा व्हेट बरा. कायद्याला फक्त रेबीज हवी: पहिली पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग दरवर्षी. पण इथे जून लागला की साचलेलं पाणी आणि घुशी, म्हणून लेप्टोची (उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) लसही मेअखेर उरकावी. लस आहे म्हणून जबाबदारी सुटत नाही: निष्काळजीपणे मोकळा सोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कुणाला चावलाच तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवून दवाखाना गाठायचाच, कुत्र्याचं लसींचं पुस्तक दाखवून वाद घालत बसायचं नाही.

व्हेट उंबरठा ओलांडण्याआधी पुस्तक उघडून बघा: कुपीवरचा स्टिकर, बॅच नंबर, पुढची तारीख, नोंदणी क्रमांकासह शिक्का. परदेशी न्यायचा विचार असेल तर आधी कातडीखाली ओळखीची चिप, मग रेबीज. युरोपला चिपआधीची लस चालत नाही. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी आणि नमुना घेतल्यावर तीन महिने थांबावं लागतं. हा क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून, आणि विमानाचं तिकीट पुढे.