शूमर-राउंड्स की बर्चेट? यूएफओच्या फायली उघडायचे दोन मार्ग

2023 मध्ये अमेरिकेच्या संसदेत एकाच डिफेन्स बिलात दोन वेगवेगळ्या दुरुस्त्या घुसवायचा प्रयत्न झाला, दोन्हीचं म्हणणं एकच की आकाशात दिसलेल्या त्या अनोळखी वस्तूंबद्दल सरकारकडे जे काय आहे ते लोकांना दाखवा.

हाउसमधल्या (म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या) खासदार टिम बर्चेटची दुरुस्ती एकदम छोटी. लोकांना आधीच माहीत असलेल्या घटनांचे कागद पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, 180 दिवसांत खुले करायचे, बास. ऐकायला भारी, पण पुढे शेपूट आहे, राष्ट्रीय सुरक्षेला धोका नसेल तरच! आता धोका आहे की नाही ते ठरवणार कोण, तर पेंटॅगॉनच, म्हणजे चोराच्याच हातात किल्ल्या.

सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, शूमर आणि राउंड्स, एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन, त्यांचं प्रकरण लांबलचक पण डोकं लावून केलेलं. केनेडी हत्येच्या फायलींसाठी 1992 साली जो कायदा झाला त्याच धर्तीवर फायली तपासायला 9 जणांचं स्वतंत्र बोर्ड, आणि खाजगी कंपन्यांकडे असलं काही सापडलेलं सामान असेल तर ते सरकारजमा करायचा अधिकारसुद्धा. मला तरी हाच दमदार वाटतो, कारण इथे निदान तिसरा माणूस फाईल बघतो.

डिसेंबरमध्ये फायनल बिल आलं तेव्हा बोर्ड गेलं, जप्तीचा अधिकारही गेला, उरलं काय तर नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (सरकारी अभिलेखागारात) कागद जमा करायचं कलम, आणि ते शूमरवाल्यांच्याच मसुद्यातलं.