टाहो की बिग बेअर?

कॅलिफोर्नियात डोंगरातल्या तळ्याकाठी सुट्टी घालवायची म्हटलं की ही दोन नावं हमखास निघतात. टाहो नैसर्गिक, तब्बल ५०१ मीटर खोल. म्हणून कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. १९६०चं हिवाळी ऑलिंपिक याच परिसरात झालं, तेव्हा स्कीइंगबद्दल वेगळं काय सांगायचं! उन्हाळ्यात कयाक, एमराल्ड बे या तळ्याच्याच खाडीजवळच्या पायवाटा. पोहायला मात्र छाती हवी, ऑगस्टातही पाणी गारच.

बिग बेअर धरणाचं, उथळ. उतारांवरचा बराचसा बर्फ तळ्याच्याच पाण्यापासून यंत्रांनी बनवलेला. पण लॉस एंजेलिसहून जवळ. ट्राउट मासे, सायकलवाट, हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचे गरुड. लहान मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील, तर मी बिग बेअरच निवडेन. (उंची दोन्हीकडे २ हजार मीटरच्या आसपास, पहिल्या दिवशी आजोबांना चढ चढायला लावू नका.)