ग्वाल्हेरच्या गच्चीवर लाकडी डेक: तेल, पीयू की डब्ल्यूपीसी?

गच्चीवर डेक करायचा ठरला की लाकूड कोणतं यावर घरात महिनाभर खल होतो आणि वरून काय लावायचं हे मात्र पॉलिशवाल्यावर सोडून दिलं जातं. ग्वाल्हेरच्या हवेत हा क्रम उलटा असायला हवा. चांगलं सागवान चुकीच्या पॉलिशखाली दोन-तीन उन्हाळ्यांत कुरूप होतं आणि साधं लाकूड नीट निगा राखली तर बरीच वर्षं साथ देतं.

आधी इथल्या हवेचा हिशेब. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लू वाहते, हवेत ओलावा नावालाही उरत नाही. जुलै ते सप्टेंबरात वर्षभराचा बहुतेक सगळा पाऊस पडून जातो. जानेवारीत पहाटे धुकं आणि दव. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आकसतं. चार इंच रुंदीची सागवानी फळी जूनमधल्या लूमध्ये आणि ऑगस्टमधल्या झडीत एका मापाची नसते. एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शिवाय ऊन आहेच. त्यातले अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन मोडतात. मग पृष्ठभाग करडा पडतो, तंतू सुटे होतात आणि अनवाणी पायांत कुसळं शिरतात. म्हणजे वर जे लावाल त्याला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: ऊन अडवणं आणि फळीबरोबर हलणं.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, इथेच अडतं. ते फळीच्या वर पातळ पापुद्रा होऊन बसतं. पहिल्या दिवशी ते इतकं देखणं दिसतं की कुणालाही मोह व्हावा. पण खालची फळी फुगते-आकसते, पापुद्रा तेवढा ताणला जात नाही, आणि स्क्रूच्या डोक्याशी किंवा फळीच्या टोकाला बारीक चीर पडते. पहिल्या पावसाचं पाणी तिथून आत शिरतं आणि वर पापुद्रा असल्यामुळे लवकर बाहेर पडत नाही. आधी पांढुरके डाग, मग पोपडे. डागडुजी करायची तर फक्त तेवढाच तुकडा करून भागत नाही, कारण जोड दिसतो. अख्खा डेक घासून लाकडापर्यंत यावं लागतं. छताखालच्या ओसरीला किंवा झाकलेल्या बाल्कनीला पीयू छान टिकतं, तिथे ते खुशाल लावा. उघड्या गच्चीवर नको. पॉलिशवाले कधीकधी मेलामाइन सुचवतात. ते घरातल्या कपाटांसाठी आहे, उघड्यावर त्याचा विचारही करू नये.

तेलाचं तसं नाही. ते फळीत मुरतं, वर थर धरत नाही, म्हणून पोपडा सुटायचा प्रश्नच येत नाही. झिजतं, फिकं पडतं, आणि जिथे फिकं पडलं तिथेच पुन्हा लावता येतं. माझा कौल स्पष्टपणे तेलाला आहे, तो मुख्यतः याच कारणासाठी: घरच्या माणसाला एका सकाळी फडक्याने जमणारं हे काम आहे. मात्र बाजारातून नुसतं जवसाचं कच्चं तेल आणू नका. ते वाळायला फार वेळ घेतं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. बाहेरच्या लाकडासाठी बनवलेलं, बुरशीरोधक असलेलं डेकचं तेल घ्या आणि तेही तपकिरी छटेचं. बिनरंगी तेल पाणी अडवतं, पण ऊन जवळपास तसंच आत जाऊ देतं. उन्हाला अडवण्याचं काम त्यातला रंगच करतो. सागवानाचा मूळ रंग जसाच्या तसा दिसावा म्हणून बिनरंगी तेलाचा हट्ट धरणाऱ्यांचा डेक सर्वांत आधी करडा पडतो.

आता केव्हा लावायचं? पावसाआधी, म्हणजे मेअखेरीस, असं सहसा सांगितलं जातं. इथे ते जमत नाही. तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच वरवर सुकतं आणि चिकट राहतं, त्यात संध्याकाळी आंधी आली की सगळी धूळ त्यावर बसते. मुख्य हात होळीच्या आधी द्यावा, महाशिवरात्रीच्या सुमारास. धुकं सरलेलं असतं, फळ्या कोरड्या असतात, लू अजून लांब असते. आणि ग्वाल्हेरची होळी तर आपल्याला ठाऊकच आहे! कोरड्या, तहानलेल्या लाकडात पक्का रंग गेला की घासूनही निघत नाही. तेल प्यालेल्या फळीवरचा रंग वेळेवर पुसला तर बराचसा निघून जातो. दुसरा, हलका हात दिवाळीच्या साफसफाईत, तोही गरज असेल तरच. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. मोत्यासारखे उभे राहिले तर काही करू नका, पटकन शोषले गेले तर तेल लावा.

लावायची रीत सोपी आहे. मऊ कुंच्याने, थोड्या सौम्य साबणाने, रेषांच्या दिशेने घासून धुवा. प्रेशर वॉशर वापरू नका. तो मऊ तंतू उपटतो, शिवाय शहराला पाणी देणाऱ्या तिघरा धरणाचं पाणी असं उधळायला नाही. दोन-तीन दिवस वाळू द्या. ८० नंबरच्या सँडपेपरचा हात फिरवा, त्याहून गुळगुळीत केलंत तर तेल कमी मुरतं. सावली असताना पातळ तेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून घ्या. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र दोनदा पाजा, सर्वांत जास्त पाणी तीच पितात. तुळशीवृंदावनाखालचा आणि कुंड्यांखालचा भाग रोज ओला होतो, म्हणून कुजायला सुरुवात तिथेच होते. त्यांना पायांवर उचलून ठेवा, खालून वारा जाऊ द्या. एक गोष्ट मात्र कुणीही हलक्यात घेऊ नये: तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी, वाळवी आणि तेल या दोन्ही चिंतांतून सोडवते. ज्यांचं घर वर्षातले सहा महिने बंद असतं, मुलं पुण्या-बंगळुरूला आहेत, त्यांनी खुशाल तीच घ्यावी. पण गडद रंग नको. उन्हाळ्याच्या दुपारी ती लाकडापेक्षा जास्त चटके देते, आणि उष्णतेने लांबीत वाढते, म्हणून भिंतीशी आणि जोडांवर कंपनीने सांगितलेली फट सोडावीच लागते. मिस्त्री दिसायला बरं म्हणून फळ्या घट्ट बसवतात आणि मेमध्ये त्या कमानीसारख्या उचलल्या जातात. ओरखडा पडला तर तो राहतो, कारण लाकडासारखी ती घासून नवी होत नाही.

ग्वाल्हेरचा आपला वालुकाश्म हाही पर्याय आहेच आणि तो निगा मागतच नाही म्हटलं तरी चालेल. फक्त वजन पाहा. २५ मिलिमीटर जाडीची फरशी चौरस मीटरला सुमारे ६० किलो भरते, खालचा मसाला वेगळा. तेवढ्याच जाडीचं सागवान १६-१७ किलो. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या, दगडी पट्ट्यांच्या छतावर हा फरक इंजिनिअरला दाखवल्याशिवाय फरशी चढवू नका.

जुना वाडा उतरवताना निघालेलं सागवान घरात असेल, तर दुसरं काही विकत घेऊ नका. ते वर्षानुवर्षं सुकलेलं असतं, नव्या लाकडापेक्षा कमी वाकतं. गंजके खिळे तेवढे काढून घ्या आणि फळीच्या कडेचा फिकट, कोवळा भाग कापून टाका. वाळवी आणि कुज त्या भागालाच आधी लागते.

काम सुरू करण्यापूर्वी मिस्त्रीशी दोन गोष्टी पक्क्या करा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, नाहीतर सागवानावर काळे ओघळ येतात. आणि गच्चीच्या पाणी जाण्याच्या तोंडावरचा डेकचा चौकोन सुटा, उचलता येईल असा हवा. जूनअखेरीस तो उचलून आंधीने साठलेली धूळ आणि कडुनिंबाची पानं काढता आली पाहिजेत, म्हणजे पहिल्या जोराच्या सरीचं पाणी फळ्यांखाली तुंबणार नाही.